आखूड पायांची टेबलं

नेमणुकीचा कागद घेऊन मी राळेगावच्या पलीकडच्या त्या गावात पोचले, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मोठं माणूस एकही दिसेना. ऑफिस उघडं होतं, पण आत कोणी नव्हतं. वऱ्हांड्याच्या टोकाला, नळापाशी, पांढऱ्या शर्टातला एक माणूस उकिडवा बसला होता आणि त्याच्यासमोर उभं राहून एक शेंबडं पोर काहीतरी लांबलचक सांगत होतं. बकरीची गोष्ट होती. बकरी आधी कुठे गेली, मग कुठे गेली, तिथे तिनं कोणाचं काय खाल्लं.

मी घसा खाकरला. "हेडमास्तर कुठे भेटतील?"

त्या माणसानं मान न वळवता हात वर केला. "थांब बेटा. हे बोलून राह्यले ना."

'हे' म्हणजे ते पोर. बकरी घरी येईपर्यंत मी उन्हात उभी राहिले. गोष्ट संपल्यावर त्यानं पोराचं नाक पुसलं, "बरं झालं सांगतलं तुमी, जा आता वर्गात," असं म्हणून त्याला वाटेला लावलं आणि मग तो उभा राहिला. उभा राहतच गेला. वऱ्हांड्याच्या पत्र्याखाली त्याला मान तिरकी करावी लागत होती.

"मीच हेडमास्तर," ते म्हणाले. "बोल. आता तुहा नंबर."

आमच्या घरात तीन पिढ्या यवतमाळच्या कचेऱ्यांमधून गेलेल्या. कोणाला 'तुम्ही' म्हणायचं आणि कोणाला 'तू', हे आम्हाला बोलायला लागायच्या आधी कळतं. इथे सगळं उलटं होतं. सर चार वर्षांच्या पोराला 'तुमी' म्हणत आणि गावातल्या साऱ्या मोठ्यांना 'तू'. सरपंचबाईंच्या नवऱ्याला 'तू', ग्रामसेवकाला 'तू', मला 'तू'. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "मोठ्याले मान भेटाची सवय झाली असते. एखाद्या वेळेस नाही भेटला तं मरत नाही तो. लहानाले मात्र कोणी देतच नाही बाप्पा."

गटशिक्षणाधिकारी साहेबांना मात्र ते 'तुमी' म्हणत. मी त्यावरूनही छेडलं. सर गंभीरपणे म्हणाले, "ते अजून मोठे व्हाचे हायेत."

गाव त्यांना बसके मास्तर म्हणायचं. एवढा ताडमाड माणूस, पण कोणाशीही बोलायचं तर आधी खाली बसायचा. पालक आले की उकिडवा, पोरं आली की उकिडवा. समोरच्यानं काय करावं? उभं राहून त्यांच्या टकलाशी बोलावं, नाहीतर स्वतःही बसावं. सुरुवातीला मला फार अवघड व्हायचं. साडी सावरत मीही बसायला शिकले. बसल्यावर माणूस भांडत नाही, हे मला तिथे कळलं. भांडण उभ्यानं होतं.

खिशात त्यांच्या कायम चिंचोके. पोरांनी पांढरं की काळं खेळायचं, ओळी लावायच्या, चिमणी काढायची. ते स्वतः खडू फार कमी हातात घेत. गावातल्या एका बापानं त्यांना वऱ्हांड्यात गाठून विचारलं होतं, "मास्तर, तिकडे कॉन्व्हेंटमधी तिसऱ्या वर्षीच एबीसीडी शिकवते. तुमी लहान पोट्ट्याइले काय शिकवता?"

"पहिल्या वर्षी शाळेत येताना न रडनं शिकवतो," सर म्हणाले. "दुसऱ्या वर्षी घरी जाताना रडनं."

बाप हसला, पण त्याचं पोर कॉन्व्हेंटमध्येच गेलं.

हा कॉन्व्हेंटचा मामला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे काही पाद्र्यांची शाळा नव्हे. इंग्रजी नावाची कोणतीही खाजगी शाळा, जिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षी पोर घेतात, ती कॉन्व्हेंट. तालुक्याहून पिवळी गाडी गावात यायची आणि ज्यांच्या घरी वावर होतं, चार पैसे होते, त्यांची लहान लहान पोरं टाय लावून त्यात बसायची. सरकारी शाळेचं दार पहिलीपासून, म्हणजे सहाव्या वर्षी उघडायचं. कायद्यातही सक्ती सहापासूनच. तोपर्यंत ती पोरं तिकडे रुळलेली असायची. सहाव्या वर्षी आमच्याकडे कोण येणार? ज्याला दुसरीकडे कुठेच जाता येत नाही तो. पूर्वी सातवीपर्यंत असलेली शाळा चौथीवर आली होती, मास्तर दोनच उरले होते, आणि पट असाच घसरला तर हीही बंद होईल, असं तालुक्याला कोणीही सहज बोलून जायचं.

सर म्हणायचे, "मिरग निघून गेल्यावर पेरते का कोणी? आन पेरलं तं मंग बोंडं कमी लागले म्हून झाडाले कायले दोष देता?"

गावात अंगणवाडी होती. शोभाताई ती चालवायच्या. मारुतीच्या देवळामागची एक ओलसर खोली, त्यात वजनकाटा, धान्याची पोती आणि पंधरा कामं. लसीकरण शोभाताईंकडे, गरोदर बायांची नोंद शोभाताईंकडे, कसलाही सर्व्हे आला की शोभाताई. पोरांना खिचडी मिळायची, गाणी व्हायची, पण दुपारच्या आत दार बंद. आणि बाया वावरातून परतायच्या दिवेलागणीला.

माझं पहिलं वर्ष होतं. दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि तिसरीतल्या, चौथीतल्या मुली शाळेतून गायब व्हायला लागल्या. मला वाटलं, कापूस वेचायला जात असतील. पायल नावाची एक मुलगी होती तिसरीत. डोक्यानं इतकी तल्लख, की फळ्यावर गणित पूर्ण लिहायच्या आत तिचं उत्तर यायचं. ती येईनाशी झाली.

एका सकाळी सर म्हणाले, "चाल बेटा, पायलले घेऊन येऊ."

आम्ही वावरात गेलो. पायल कापूस वेचत नव्हती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीच्या विरळ सावलीत ती बसली होती, आणि तिच्या मांडीवर तिचा भाऊ. गोलू. चार वर्षांचा, अंगानं मजबूत, सारखा सुटून पळायला बघणारा. लांब कापसात तिची आई मंदाबाई कमरेला ओटी बांधून वाकलेली दिसत होती.

"काहून येत नाही वो बाई शाळेत?" सर तिच्यासमोर बसले. बारा वर्षांखालच्या सगळ्यांना बाई किंवा भाऊ.

"याले कोन पाहीन, सर?"

"अंगणवाडीत नाही जात का हे?"

"दुपारी सुटते ना थे. मंग येकटाच इहिरीकडे जाते हा."

सर गोलूकडे वळले. "तुमी सांगा. शाळेत याचं का?"

गोलूनं एक चिंचोका सरांच्या खिशातून ओढून काढला आणि तोंडात घातला. सरांनी तो होकार धरला.

दुसऱ्या दिवसापासून पायल शाळेत आली, कडेवर गोलू. माझ्या वर्गात. चार दिवसांत माझा जीव मेटाकुटीला आला. गोलू डस्टर पळवायचा, दुसऱ्यांच्या वह्या ओढायचा, मध्येच गाणं म्हणायचा. पाचव्या दिवशी मी सरांना स्पष्ट म्हटलं, "सर, ही पहिली ते चौथीची शाळा आहे. पाळणाघर नाही. तो पटावर नाही हे सोडा, मला शिकवताच येत नाहीये."

"खरं हाय," सर म्हणाले. "तं मंग पायलले घरी पाठवून दे. तूच सांग तिले."

मी वर्गात परत गेले. पायल वहीत लिहीत होती. उजव्या हाताचा विळखा गोलूभोवती, आणि पेन्सिल डाव्या हातात. ती डावखुरी नव्हती. दिवाळीआधी ती उजव्या हातानं लिहायची, मला पक्कं आठवत होतं. या चार दिवसांत तिनं डाव्या हातानं लिहायला शिकून घेतलं होतं. अक्षर वेडंवाकडं, पण उत्तर बरोबर.

मी तिला काही सांगितलं नाही. दुपारच्या सुट्टीत सरांकडे गेले आणि विचारलं, "गोलूसारखे गावात आणखी किती असतील?"

सर हसले. त्यांचा एक दात पुढचा तुटलेला होता, त्यामुळे हसताना ते अचानक शाळकरी दिसत. "आलीस ना लाइनीवर," म्हणाले.

त्याच दिवशी, खिचडीच्या ताटल्या वाजत असताना, त्यांनी स्वतःबद्दल जे काही सांगायचं ते एकदाच सांगितलं. त्यांच्या लहानपणी त्यांच्याही कडेवर भाऊ असायचा. आई-बाप दुसऱ्याच्या वावरात. भाऊ पायावर उभा राहून स्वतःचं स्वतः पाहायला लागला तेव्हा हे शाळेत गेले, नवव्या वर्षी, पहिलीत. "साऱ्या पोट्ट्याइच्या वर माहं डोकं. मांगच्याले फळा दिसे नाही. मास्तर म्हने, ए लांबोडक्या, खाली बस. तवापासून खालीच हाय बेटा." आणि ते ताटली धुवायला उठले.

सर बोलून थांबणारे नव्हते. सातवीपर्यंतची शाळा चौथीवर आली तेव्हा वरच्या वर्गांची बाकं आणि टेबलं एका खोलीत कोंबली होती. त्यावर धूळ, पारव्यांची घाण, तुटकी घंटा. सरांनी ती खोली उघडली, आम्ही आणि चौथीच्या पोरांनी ती धुतली. पण टेबलं सातवीच्या पोरांच्या मापाची. गोलूला तिथे बसवला तर टेबलावर नुसते केस दिसायचे.

सरांनी गोलूला उभं केलं, त्याच्या कमरेपाशी पेन्सिलीनं टेबलाच्या पायावर खूण केली आणि गावातल्या सुताराला बोलावलं.

सुतार म्हणाला, "मास्तर, सरकारी माल हाय हा. इच्यार करा."

"केला. काप."

सागवानी पाय होते. करवतीचा आवाज दोन दिवस गावभर ऐकू येत होता. कापलेले तुकडे सरांनी टाकू दिले नाहीत. पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केले, त्यांचे ठोकळे झाले. पोरं त्यांचे पूल बांधत, विहिरी बांधत, एकदा तर त्यांनी बस स्टँड बांधला आणि सरांना कंडक्टर केलं. खोलीला सर 'पहिलीच्या आधीची' म्हणत. एवढंच नाव. दुसऱ्याच आठवड्यात धुऱ्यावरची, ओट्यावरची, तायांच्या कडेवर घरी बसलेली सगळी लहान पोरं तिथे यायला लागली. आणि त्यांच्या मागोमाग, आपोआप, त्यांच्या ताया आपापल्या वर्गात.

पहिला भडका शोभाताईंचा उडाला. पदर कमरेला खोचून त्या थेट फाटकातून आत आल्या. सर नेहमीप्रमाणे खाली बसले, पण शोभाताई बसल्या नाहीत.

"मास्तर, तुमचे पोट्टे कॉन्व्हेंटनं पळवले, म्हून तुमी माहे पळवता का? माह्या खोलीत आता चार लेकरं उरले. उद्या सुपरवायझर मॅडमनं इचारलं तं काय दाखवू?"

मला वाटलं सर काहीतरी चपखल बोलतील. त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "चुकलं शोभा. तुले आधी इचाराले पायजे होतं."

शोभाताईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांचा आवाज खाली आला. "गाने कोन शिकवते त्याइले? तुमी?"

"मी एक म्हनून पाह्यलं. दोन पोट्टे रडले."

शोभाताई हसल्या, आणि हसल्यावर बसल्या. "तं मंग तूच ये," सर म्हणाले. "तुही अंगणवाडी इथं आन. खोली कोरडी हाय, दार रस्त्याकडे उघडते. तू सकाळची, आमी दुपारचे. पोट्ट्यानं एकदा आत पाय टाकला का संध्याकाळी मायच नेईन त्याले."

"मी तुमच्या हाताखाली नाही काम करनार."

"मीच तुह्या हाताखाली."

आणि ते खरंच तसं वागले. रोज सकाळी एवढा सहा फुटी माणूस लहान पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायचा आणि शोभाताई शिकवतील ते गाणं हातवारे करत म्हणायचा. सूर त्यांना कधीच सापडला नाही. शोभाताई सरळ सांगायच्या, "मास्तर, तुमी नुसते हात हालवा."

मला त्रास झाला तो वेगळाच. बाया आठाच्या सुमारास वावरात निघत. पोरं त्या वेळी घ्यायची, तर कोणीतरी आठ वाजता शाळेत हवं. शोभाताईंना मदतीला एक मास्तर हवा. मी राळेगावहून ये-जा करायचे आणि माझी बस नऊनंतरची होती. "सर, मला नाही जमणार," मी म्हटलं.

"बसले नाही जमनार," सर म्हणाले. "तुले जमन."

मी तीन दिवस रागात होते. चौथ्या दिवशी पायलच्या घराशेजारची एक खोली पाहून आले. घरी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, तुझी नोकरी पहिलीपासूनच्या वर्गांची आहे ना?" मी म्हटलं, "हो. आधीचं मी आवडीनं करते आहे." ते वाक्य बोलेपर्यंत मला माहीत नव्हतं की ते खरं आहे.

मग कोणीतरी आखूड पायांच्या टेबलांचा फोटो काढून वर पाठवला.

कारणे दाखवा नोटीस आली. शासकीय मालमत्तेचं नुकसान, आणि पटावर नसलेली, वयात न बसणारी बालकं शाळेत ठेवणं. अपघात झाल्यास जबाबदार कोण, असाही एक प्रश्न होता. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. चौकशी लागली की पेन्शन अडकते, हे शाळेत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी घाबरले. सुतार स्वतःहून आला आणि म्हणाला, "करवत माही होती म्हून उत्तरात ल्हा. माहं काय करनार हायेत?"

सरांनी शांतपणे उत्तर लिहिलं. मला वाचायला दिलं. सरकारी भाषेत, सुवाच्य अक्षरात:

"मुलांचे पाय लांब करणे माझ्या अधिकारात नसल्याने टेबलांचे आखूड केले. मालमत्ता पूर्ण शिल्लक आहे. वरचा भाग व खालचा भाग वेगवेगळ्या उपयोगात आहेत. समक्ष पाहावे ही विनंती."

"सर, हे असं पाठवू नका," मी म्हटलं.

"काहून? एक शब्द तरी खोटा हाय का?"

पाठवलं. आणि गटशिक्षणाधिकारी साहेब समक्ष पाहायला आले.

ऐन वेचणीचे दिवस. तालुक्यातल्या सगळ्या शाळांमध्ये त्या दिवसांत मागची बाकं रिकामी असतात, हे साहेबांना पाठ होतं. त्यांचा चेहरा कडक होता. आधी ते माझ्या वर्गात आले. त्यांनी दारातूनच नजर फिरवली, मग थांबले, मग पुन्हा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं.

"आज काही कार्यक्रम आहे का?"

"नाही सर."

"मग मुली सगळ्या कशा?"

पायल उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. "साहेब, गोलू तिकडे हाय ना. म्हून मी इकडे हाय."

साहेबांना कळलं नाही. सर त्यांना 'पहिलीच्या आधीच्या' खोलीकडे घेऊन गेले. शोभाताईंचं गाणं चाललं होतं. एका कोपऱ्यात गोलू आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक मुलगी टेबलाच्या पायांचं धरण बांधत होती. दोघांची भाषा वेगळी. ती कोलामीत हुकूम सोडत होती आणि गोलू ते बिनचूक पाळत होता. साहेब बघत राहिले. मग नकळत, बाकीचे आम्ही सगळे खाली बसलेलो असल्यामुळे असेल, तेही बसले.

गोलूनं त्यांच्या हातात एक ठोकळा दिला. "इथं लावा."

साहेबांनी लावला. धरण पडलं. कोलाम मुलीनं कपाळावर हात मारला.

सर म्हणाले, "पाहून घ्या साहेब. पाय हाजर हायेत सारे."

साहेब आधी नाकातून हसले, मग त्यांना आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "तुमचं उत्तर मी फाइलला लावतो. कोणी काही विचारलं तर मी समक्ष पाहिलं म्हणून सांगेन." उठताना त्यांनी आवाज उतरवला. "नव्या धोरणात शाळेची सुरुवात तिसऱ्या वर्षापासूनच धरायची म्हणतात. शाळेला जोडून वर्ग द्यायचे आहेत, कुठून सुरुवात करावी यावर आमच्या नुसत्या बैठका चालू आहेत. मला गावाचा ठराव द्या. मान्यतेसाठी पहिलं नाव या शाळेचं पाठवतो. बाकीचे हेडमास्तर इथे पाहायला पाठवले तर चालतील ना?"

"या म्हना. फक्त उभ्यानं पाहू नका म्हना."

ठराव म्हणजे ग्रामसभा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरात सभा भरली. एरवी कोरमसाठी लोकांना घरून ओढून आणावं लागतं. त्या दिवशी बायांनी अर्धं समाजमंदिर भरून टाकलं. खुर्चीत सरपंचबाई, आणि बाजूला, बोलायचं काम ज्यांचं असायचं ते, त्यांचे यजमान. गावातलं सगळ्यात जास्त कापसाचं वावर त्यांचं.

सरांचा ठराव दोन ओळींचा होता. चार वर्षं पूर्ण झालेलं गावातलं एकही पोर शाळेबाहेर राहणार नाही. आणि शाळेची घंटा झाल्याशिवाय कोणी कोणत्याही आईला वावरात बोलावणार नाही.

पहिल्या ओळीवर कोणी काही बोललं नाही. दुसरीवर यजमान उठले.

"मास्तर, कायद्यात वय सहा हाय. तुमी चार कायले म्हनता?"

"कायदा म्हनते सहापासून सक्ती," सर जमिनीवरून म्हणाले. "त्याच्या आधी येऊ नका असं कोठी म्हनते? दिल्ली-मुंबईले जेव्हा चार कराचं तेव्हा करतीन. आपल्या गावापुरतं आपन आज करू."

"ते ठीक. पन वेचनीच्या टायमाले बाया उशिरा आल्या तं कापूस काय तुमी वेचान?"

सर काही बोलायच्या आधी बायांमधून मंदाबाई उठली. तिला सभेत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं.

"भाऊ, माहं पोट्टं धुऱ्यावर असते तं माहा एक डोया कापसात अन एक डोया साप-इचूत. अर्ध्या घंट्यानं उशिरा येतो, पन दोन्ही डोये घेऊन येतो. तुमीच सांगा, कायात फायदा हाय?"

समाजमंदिर हशानं फुटलं. मागून कोणीतरी ओरडलं, "हिशेब बरोबर हाय भाऊ!" यजमान काहीतरी म्हणू लागले, पण तेवढ्यात सरपंचबाईंनी टेबलावर हात ठेवला. मी गावात आल्यापासून त्यांचा आवाज फक्त हळदीकुंकवाला ऐकला होता.

"ज्याइले ठराव मान्य हाय त्याइनं हात वर करा," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःचा हात वर केला.

हातच हात झाले. शोभाताईंनी दोन्ही वर केले, ग्रामसेवक म्हणाला एकच धरतात, तरी त्यांनी दुसरा खाली घेतला नाही. यजमानांनी बायकोकडे पाहिलं. बरंच पाहिलं. मग मान हलवत, हसत, त्यांनीही हात वर केला. "ल्हा भाऊ," सरपंचबाई ग्रामसेवकाला म्हणाल्या. "साऱ्याइचा मंजूर."

त्या सभेनंतर मी सरांना शोधलं. ते समाजमंदिराच्या मागे, एका कठड्याआड, एकटेच होते. मला वाटलं रडतायत. पाहते तर ते शोभाताईंचं गाणं हातवाऱ्यांसकट म्हणत होते. हळू आवाजात, बेसूर, पण शब्द सगळे बरोबर.

मान्यता जूनच्या आधी आली. त्याच वर्षी आमच्या केंद्रातल्या आणखी शाळांनाही पहिलीच्या आधीचे वर्ग मिळाले, कळंबच्या बाजूच्या काही शाळांचे मास्तरही पाहून गेले. सगळे हेडमास्तर आधी उभ्यानंच आत यायचे. सुताराला इतकं काम मिळालं, की त्यानं हाताची करवत सोडून मशीनची घेतली. पिवळी गाडी गावात येत राहिली, पण अर्ध्या रिकाम्या बाकांनी. पुढच्या वर्षी तिनं आमचा फाटा सोडून दिला. सर निवृत्त झाले, कळंबला घरी गेले. पेन्शन वेळेवर सुरू झाली. मला कधी फोन केला तर आधी विचारतात, "कोन बोलून राह्यलं होतं तुह्याशी? त्याचं होऊ दे आधी, मी थांबतो."

पण मला त्यांच्याबद्दल कोणी विचारलं, तर मी सांगते तो दिवस वेगळा. जूनच्या अखेरचा, शाळा उघडण्याचा. पटावर पहिल्यांदाच चार वर्षांच्यांची नावं होती. बायांचा घोळका सकाळीच फाटकाशी आलेला, सरकी टोबायला, म्हणजे कापसाचं बी पेरायला, निघालेल्या. पोरं आत जात होती. कोणी हात सोडत नव्हतं, कोणी मागे वळूनही पाहत नव्हतं. शोभाताई एकेकाला दारातून ओढून घेत होत्या. गोलू आता जुना झालेला. तो नव्यांना बाक दाखवत होता. सर आणि मी वऱ्हांड्यात होतो. घंटा झाली. प्रार्थना सुरू झाली. बाया कुंपणाबाहेर ऐकत उभ्या राहिल्या, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग त्या वावराच्या रस्त्याला लागल्या.

वर्षभर मी या बायांना चालताना पाहत आले होते. एका बाजूला कललेल्या, एक खांदा खाली, एका हाताचा विळखा पोराभोवती. त्या दिवशी कोणाच्याच कडेवर कोणी नव्हतं. थोडं अंतर त्या तशाच, सवयीनं कलून चालल्या. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मग एकीनं हात सोडले, झुलवले. दुसरीनं तिला ढकललं. कोणीतरी किंचाळून हसलं आणि पुढची एक पळायला लागली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच. लुगड्याचे काष्टे आवरत, चपला हातात घेऊन, साठीला आलेली एक म्हातारी मजूरसुद्धा, नाल्याच्या पुलापर्यंत त्या सगळ्या बाया पळाल्या.

मंदाबाई पहिली आली.